आधी रिकामा तक्ता

उपायुक्त सरनाईकांच्या केबिनमध्ये सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि उत्पला तायडेला नेमकं तेच सहन होत नव्हतं.

टेबलाभोवती पाच अधिकारी बसले होते. प्रत्येकाच्या हातात एक टॅब आणि टॅबवर उन्हाळी सर्वेक्षणाचे निष्कर्ष. साडेनऊ हजार घरांत जाऊन विचारलेले प्रश्न आणि त्यांचं सार सांगणारा एकच आलेख. तो बघून कोणी भुवया आकसल्या नाहीत, कोणी मान पुढे काढून बारीक अक्षरं वाचली नाहीत. सगळ्यांनी एकदा पाहिलं आणि चहाकडे हात नेला.

“म्हणजे थंडघरांचं चित्र स्पष्ट आहे,” सरनाईक म्हणाले. “लोकांना नकोत. अकरा वॉर्डांतली यंदा बंद करू. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडतो. तायडे मॅडम, मांडणी फार सुरेख झाली आहे.”

“मांडणी निरभ्रने केली आहे, साहेब.”

“तेच ते. तुमचाच विभाग ना.”

वऱ्हाडातल्या या शहराचा उन्हाळ्यातल्या दुपारचा पारा अठ्ठेचाळीसच्या खाली उतरेनासा झाला, तेव्हा महापालिकेने प्रत्येक वॉर्डात एकेक सभागृह दुपारपुरतं गार ठेवायला सुरुवात केली. तीच थंडघरं. म्हाताऱ्यांनी, आजाऱ्यांनी दुपारी येऊन बसावं, पाणी प्यावं, उन्हं कलली की घरी जावं. चार उन्हाळे झाले. काही वॉर्डांत गर्दी असायची आणि काही वॉर्डांत नुसत्या खुर्च्या.

उत्पलाच्या टॅबवर तीन खांब होते. थंडघरात का जात नाही? ‘गरज वाटत नाही’ हा खांब उंच, ‘लांब पडतं’ बुटका, ‘इतर’ त्याहून बुटका. बघताक्षणी कळत होतं. तिने टॅब पालथा घातला, पुन्हा सुलटा केला, खुर्ची मागे ओढली.

गेल्या मे महिन्यात तिची आई, रत्नमाला तायडे, एकाहत्तर वर्षांची निवृत्त शिक्षिका, स्वयंपाकघराच्या दारात पडलेली सापडली होती. भर दुपारी, बंद घरात. थंडघर समोरच्याच गल्लीत होतं. का गेली नाही, हे वर्षभर येईल तो विचारत होता आणि वर्षभर उत्पला एकच वाक्य सांगत होती: तिला गरज वाटली नाही, हट्टी होती. आता तेच वाक्य खांब होऊन समोर उभं होतं.

आपल्याला हे इतकं चटकन कसं पटलं, या विचाराने ती जिना उतरेपर्यंत अस्वस्थ होती. खाली आल्यावर जास्तच झाली.

कँटीनमध्ये झुबेर देशमुख कोपऱ्यातल्या टेबलाशी आलुबोंडा खात होता. सर्वेक्षणाचं घरोघरी फिरण्याचं काम त्याच्याकडे. चाळीस मुलींची फौज घेऊन वॉर्ड वॉर्ड हिंडणारा. महापालिकेत दोघं एकाच वर्षी लागले होते.

“झाली का मीटिंग? तोंड का असं?”

“तुझा टॅब दे.”

“हात तेलकट आहेत. तूच काढ पिशवीतून.”

तिने दोन्ही टॅब शेजारी शेजारी ठेवले आणि तोच अहवाल दोन्हींवर उघडला. तिच्या टॅबवर तीन खांब आले. झुबेरच्या टॅबवर खांब नव्हतेच. शहराचा नकाशा होता, थंडघरात जाणारी घरं गडद रंगात दाखवणारा. थंडघरांपासून दूर गेलं की रंग फिका होत होता. त्याच्यासाठी सगळ्या गोष्टींचं कारण अंतर होतं.

“बरोबरच आहे,” झुबेर म्हणाला. “लांब पडतं लोकांना. मी चालतो ना रोज, मला माहीत आहे.”

“माझ्याकडे ‘लांब पडतं’ हा अगदी बुटका खांब आहे.”

झुबेरचा घास तोंडातच राहिला. त्याने दोन्हीकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

निरभ्र हे अहवाल मांडणारं सॉफ्टवेअर येऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी उत्पलाचा विभाग चाळीस-चाळीस पानांचे अहवाल काढायचा आणि ते कोणी वाचायचं नाही. माणूस डोक्याला ताण देतो तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या किंचित मोठ्या होतात, आणि काही कळलं नाही की नजर उड्या मारत पुन्हा पुन्हा मागे जाते. कळलं की ती एका जागी ठरते. ही गोष्ट डोळ्यांच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत होती. निरभ्रने तिचा उपयोग केला. टॅबच्या कडेला बसवलेला कॅमेरा बघणाऱ्याचे डोळे वाचायचा, आणि नजर ठरेपर्यंत निरभ्र आलेख बदलत राहायचं. आकड्यांना ते हात लावत नसे, तशी कायद्याने सक्त मनाई होती. पण कुठल्या वयापासून म्हातारं म्हणायचं, कुठले लहान गट ‘इतर’मध्ये ढकलायचे, ओळी कशाच्या क्रमाने लावायच्या, उभ्या पट्टीवरचे आकडे कुठून सुरू करायचे, हे सगळं त्याच्या हातात होतं. त्याच आकड्यांच्या शेकडो मांडण्या होऊ शकतात. त्यांतली सगळ्यात चटकन कळणारी ते निवडायचं. हे सगळं पापणी लवायच्या आत व्हायचं, म्हणून बदल कोणाला दिसत नसे.

“आणि सगळ्यात चटकन काय कळतं?” उत्पला म्हणाली. “जे आपल्याला आधीच वाटत असतं ते.”

“म्हणजे हा हॉटेलातला वेटर झाला,” झुबेर म्हणाला. “चेहरा बघून ताट लावतो.”

“स्वयंपाक एकच.”

“हो ना. पण तुझ्या ताटात कारलं कधी येणारच नाही.” त्याने आलुबोंड्याची ताटली बाजूला सारली. “सरनाईकांच्या ताटात काय असेल गं?”

“खर्च असेल. रिकाम्या खुर्च्या.”

“आणि तुझ्या?”

उत्पलाने आपला टॅब उचलला आणि ती उठली.

रविवारी ती आईच्या घरी गेली. घर रिकामं करायचं म्हणून ती आठ महिने रविवार पुढे ढकलत होती. अधिकाऱ्यांच्या वसाहतीतून सात नंबरच्या सूतगिरणी वॉर्डात यायला रिक्षाला फार वेळ लागत नाही, पण गल्लीत शिरताना तिला नेहमी वाटायचं की आपण लांबून आलो. कपाट उघडलं. साड्यांच्या घड्या काढून पलंगावर ठेवल्या, परत आत ठेवल्या. आईची पुस्तकं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरली, दोन परत बाहेर काढली. एका जागी बसवेना.

बाहेर ऊन पांढरं पडलं होतं, तरी गल्लीत माणसं होती. प्रत्येक दारात ड्रम, बादल्या, हंडे. पाइप गुंडाळून तयार. बायका पायरीवर नाहीतर दाराच्या आतल्या सावलीत बसलेल्या. शेजारच्या इंगळेकाकूंनी पदराने वारा घेत हाक मारली.

“कायले आत-बाहेर करून राहिली व? बस ना इथं. आज नळ आहे.”

“किती वाजता येतो, काकू?”

“त्याचं काही खरं असते का? अकराले येईल, नाही तर चारले येईल. आला की मोटर लावा लागते लगेच. नाही लावली तं बाजूवाला सगळं ओढून घेते. मग पाच दिवस बसा हात चोळत.”

सूतगिरणी वॉर्डात पाच दिवसांतून एकदा पाणी येतं, हे उत्पलाला माहीत होतं. ती याच गल्लीत वाढली होती. पण अधिकाऱ्यांच्या वसाहतीत रोज पाणी यायचं आणि दहा वर्षांत ती ही वाट बघणं पार विसरली होती.

“नळाच्या दिवशी थंडघरात कोणी जात नाही?” तिने विचारलं.

“कसं जातीन?” काकूंना प्रश्नच कळला नाही. “घर कोणाच्या भरवशावर टाकतीन? तुझी आईही त्या दिवशी थांबलीच होती ना. मी म्हटलं, मॅडम, चला आता, जीव घाबरून राहिला ना तुमचा, तं म्हणे नळ येऊन जाऊ दे, मग जाऊ. माझी लेक आली होती मोटर पाहाले, म्हणून मी गेली. परत आली तं…”

उत्पला पायरीवर बसली.

“काकू, सर्वेक्षणाची मुलगी आली होती ना तुमच्याकडे? थंडघरात का जात नाही असं विचारलं असेल तिने.”

“आली होती. चांगली पोरगी होती.”

“काय सांगितलंत?”

“म्हटलं, काही गरज नाही.” काकू जराशा ओशाळल्या. “आता तिले काय सांगू, नळासाठी बसते म्हणून? नळ तं सगळ्याईचाच असते.”

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून कोणीतरी ओरडलं, आणि एकामागून एक मोटरी सुरू झाल्या. काकू लगबगीने आत गेल्या. उत्पला बसल्या जागेवरून उठली, आईच्या घरात गेली आणि सवयीने मोटरचं बटण दाबलं. पाणी टाकीत पडायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की हे पाणी प्यायला या घरात कोणी नाही. तिने मोटर बंद केली नाही.

तिथेच उभं राहून तिने झुबेरला फोन लावला.

“तुझ्या मुली घरोघरी कधी जायच्या? कोणत्या दिवशी?”

“कोणत्याही. नळाचा दिवस सोडून.” झुबेर म्हणाला. “नळाच्या दिवशी कोणी दार उघडतं का? उघडलं तरी उभ्या उभ्या काहीतरी सांगून वाटेला लावतात. मीच सांगितलं होतं पोरींना, व्हॉल्व्हमनकडून दिवस विचारून घ्यायचे आणि ते टाळायचे.” मग त्याने विचारलं, “का गं?”

“म्हणजे नळाच्या दिवशी लोक घराला बांधलेले असतात, हे आपल्याला माहीत होतं,” उत्पला म्हणाली.

सोमवारी ऑफिसात शिरल्याबरोबर तिने निरभ्रला काम दिलं. गेल्या उन्हाळ्यात साठीपुढच्या माणसांचे घरात झालेले मृत्यू, प्रत्येक वॉर्डाच्या नळाच्या दिवसाप्रमाणे लाव. पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह कधी उघडले याची नोंद यंत्रानेच होत असे, त्यामुळे दिवस अचूक मिळत होते. पापणी लवली तोच आलेख आला. नळाच्या दिवसावर एक उंच, एकटा, लालभडक खांब, आणि बाकीचे चार जमिनीला टेकलेले. इतका स्पष्ट आलेख तिने आयुष्यात पाहिला नव्हता. तिचे खांदे सैल पडले. वर्षभरात पहिल्यांदा तिला पूर्ण श्वास घेता आला.

आणि त्या श्वासाचीच तिला भीती वाटली.

तिने बोलावून घेतलेल्या झुबेरने आलेखाच्या मागची मांडणी उघडून वाचली. म्हातारपण साठऐवजी अठ्ठावन्नपासून धरलं होतं. एप्रिलचा पहिला पंधरवडा गाळला होता. दोन वॉर्ड ‘इतर’मध्ये गेले होते. एकेकटं पाहिलं तर कशातच काही गैर नव्हतं.

“तुझंच ताट आहे हे,” तो हळू आवाजात म्हणाला.

“माहीत आहे.”

“म्हणजे खोटं आहे?”

“ते मला कळायला काही मार्गच नाही. तेच तर आहे ना. खरं असतं तरी मला असंच दिसलं असतं, खोटं असतं तरी असंच.” ती खिडकीशी गेली, परत आली. “सभा गुरुवारी आहे. कोऱ्या कागदाचा मोठा ताव कुठे मिळेल?”

निरभ्र यायच्या आधी, म्हणजे उत्पला नवीन लागली तेव्हा, विभागात एक पद्धत होती. सर्वेक्षणाला निघण्यापूर्वीच रिकामा तक्ता आखायचा. शीर्षक, आडव्या ओळी, उभे रकाने, खालच्या टिपा, ‘माहीत नाही’चा रकानासुद्धा. फक्त घरं रिकामी. कुठल्या वयाला म्हातारं म्हणायचं, कुठला महिना धरायचा, हे सगळं आकडे बघण्याआधी ठरवून टाकायचं. एकदा आकडे दिसले की माणसाचा हात आपोआप आपल्याला हव्या तशा रेघा ओढतो. पुढे निरभ्र आलं आणि रिकामे तक्ते कोणाला आठवले नाहीत.

बुधवारी सकाळी दोघांनी जुन्या नोंदींच्या खोलीत भिंतीवर ताव चिकटवला. झुबेरने पट्टी धरली, उत्पलाने रेघा मारल्या. वरती पाच रकाने: नळाचा दिवस, त्यानंतरचा पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. शेवटी ‘माहीत नाही’. आडव्या दोन ओळी: स्त्रिया, पुरुष. वय साठ पूर्ण. एप्रिल, मे, जून, तिन्ही महिने पूर्ण. पाच दिवसांनी पाणी येणारे सगळे वॉर्ड, एकही न गाळता.

“आणि वर्ष? गेलंच ना?” झुबेरने विचारलं.

“नाही. त्याच्या आधीचं.”

“अगं पण गेल्या वर्षी तर…”

“गेल्या वर्षीच्याच एका मृत्यूवरून मला हे सुचलं. ज्या आकड्यांवरून शंका आली, त्याच आकड्यांनी ती खरी कशी ठरवायची? ती खरी असेल तर आधीच्या उन्हाळ्यातही दिसेल. तिथे मी अजून डोकावलेली नाही. तूही नाहीस.”

झुबेरने मान हलवली. मग त्याला पुढचं सुचलं. “एखाद्या दिवशी ऊनच जास्त असेल तर?”

“प्रत्येक वॉर्डाचा नळाचा दिवस वेगळा आहे. सोमवारी भडकलं तर ते एका वॉर्डाच्या नळाच्या दिवशी पडेल, दुसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी. काहीच भानगड नसेल तर पाचही रकाने साधारण सारखे यायला हवेत.”

“आणि सारखेच आले तर?”

उत्पलाने पट्टी त्याच्या हातातून घेऊन भिंतीला टेकवून ठेवली. “तर थंडघरं बंद होतील. आणि आई हट्टी होती.”

तिने खाली तारीख घातली आणि सही केली. झुबेरनेही केली.

स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली काळी गोल टिंबं होती, पाठीमागे गोंद असलेली. झुबेर टेबलाशी बसून यादीतली एकेक नोंद वाचणार आणि ती टिंब लावणार. सगळी टिंबं एका मापाची. एक टिंब, एक माणूस.

“वॉर्ड तीन. स्त्री. अडुसष्ट. दुसरा दिवस.”

तिने लावलं.

“वॉर्ड नऊ. पुरुष. ऐंशी. पहिला दिवस.”

सुरुवातीला टिंबं सगळीकडे सारखीच पडत होती. उत्पलाचे तळहात ओले झाले, टिंबं बोटांना चिकटायला लागली. एकदा ओळीने चार पुरुष आले, चारही वेगवेगळ्या रकान्यांत. झुबेरने पाण्याची बाटली पुढे केली, तिने घेतली नाही. मागे सरकून तक्ता बघावा असं तिला फार वाटत होतं, पण तिने तेही टाळलं. नाकासमोरच्या घराखेरीज काही पाहायचं नाही, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं.

“वॉर्ड सहा. स्त्री. चौसष्ट. नळाचा दिवस.”

“वॉर्ड बारा. स्त्री. त्र्याहत्तर. नळाचा दिवस.”

झुबेरचा आवाज मध्येच बदलला. त्याला बसल्या जागेवरून तक्ता दिसत होता.

“वाच,” ती म्हणाली. “एकसारखं वाच.”

शेवटचं टिंब लागलं तेव्हा दुपार उतरली होती. ती तीन पावलं मागे आली. एकूण एकशे त्रेचाळीस. चौघांचा दिवस माहीत नव्हता. पुरुषांच्या ओळीत नळाच्या दिवशी तेरा, मग तेरा, अकरा, दहा, दहा. सपाट. स्त्रियांच्या ओळीत चौदा, अकरा, नऊ, दहा. आणि नळाच्या दिवसाच्या घरात अडतीस. टिंबं घरात मावली नव्हती, रेघेवर आणि रेघेच्या बाहेर गेली होती.

निरभ्रच्या लालभडक खांबाइतकं हे देखणं नव्हतं. बाकीचे रकाने जमिनीला टेकलेले नव्हते, त्यांतही माणसं होती. उत्पलाला पूर्ण श्वास घेता आला नाही. तिला ते बरं वाटलं.

“बायकाच,” झुबेर म्हणाला. मग त्याने यादी टेबलावर ठेवली आणि डोळ्यांवरून हात फिरवला. “माझी अम्मी पण थांबते.”

सर्वसाधारण सभेच्या भिंतीवर निरभ्रचा एक फलक असे. सभागृहातले कॅमेरे सगळ्यांचे डोळे वाचत आणि फलकावर आकडा दिसे: सभागृहाची समज, इतके टक्के. सरनाईकांनी ठराव मांडला तेव्हा तो शहाण्णववर होता. ज्याच्या त्याच्या टॅबवर ज्याचा त्याचा आलेख होता आणि सगळे तृप्त होते.

“या विषयावर मांडणी विभागाला आणखी एक तक्ता दाखवायचा आहे,” उत्पला उभी राहून म्हणाली. “तो टॅबवर नाही. इथे लावते. कृपा करून सगळ्यांनी हाच बघावा.”

झुबेरने ताव उलगडून भिंतीला लावला. खुर्च्या करकरल्या. मागच्या रांगेतले लोक उठून पुढे आले. कोणी चष्मा चढवला, कोणी उतरवला.

“हे काय टिकल्या लावल्या का बाई?” शकुंतलाबाई गावंडेंनी विचारलं. तीन वेळा निवडून आलेल्या, सूतगिरणी वॉर्डाच्या जुन्या नगरसेविका. दोघं-तिघं हसले.

उत्पलाने रकाने वाचून दाखवले. रिकामा तक्ता कधी आखला, कोणतं वर्ष का घेतलं, तेही सांगितलं. फलकावरचा आकडा घसरायला लागला. ऐंशी. बासष्ट. चौतीस.

सरनाईक तिच्याकडे झुकले. “मॅडम, कोणाला काही कळत नाहीये. आकडा बघा तुम्ही.”

“साहेब, ते वाचत आहेत,” उत्पला म्हणाली.

एकाने उन्हाची शंका काढली. तिने वॉर्डांचे वेगवेगळे दिवस समजावले. दुसऱ्याने विचारलं की एवढ्याशा आकड्यांवरून काय कळतं. ती म्हणाली की नुसत्या योगायोगाने असं होणं फार कठीण आहे, अशक्य नाही, आणि म्हणूनच आणखी वर्षं तपासायला हवीत. तिसऱ्याने आवाज मऊ करून म्हटलं, “मॅडम, तुमच्या घरी गेल्या वर्षी जे झालं त्याची आम्हाला कल्पना आहे. अशा मनःस्थितीत माणसाला…” आणि वाक्य सोडून दिलं.

गावंडेबाई मात्र तक्त्यापाशी जाऊन उभ्या होत्या. त्या बोटाने पुरुषांची ओळ चाचपत होत्या.

“या माणसांच्या ओळीत काऊन काही फरक नाही?” त्यांनी विचारलं, आणि उत्पलाने तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाल्या, “माणसं कुठं थांबतात नळासाठी.”

या वेळी कोणी हसलं नाही.

“आणि मी दर महिन्याला पाणीपुरवठ्याच्या साहेबाले सांगते, नळ वाढवा, नळ वाढवा,” त्या तक्त्याकडेच बघत म्हणाल्या. “किती वाजता सोडता, हे कधी विचारलं नाही.” मग मागे वळल्या. “तुमची आई माझ्याच वॉर्डातली ना? माझ्या पोराले शिकवलं त्यांनी. यातली कोणती टिकली त्यांची?”

“ती यात नाही.”

“काऊन? नळाच्याच दिवशी गेल्या ना त्या?”

“हो. तिच्यामुळेच हा प्रश्न पडला,” उत्पला म्हणाली. “म्हणून तिला उत्तरात मोजता आलं नाही.”

फलकावर आकडा एकोणतीस होता आणि सगळं सभागृह अस्वस्थ होऊन कुजबुजत होतं. पाणीपुरवठ्याचे अभियंता उभे राहून सांगायला लागले की उन्हाळ्यात व्हॉल्व्ह पहाटे उघडायचे तर दोन टाक्यांचं वेळापत्रक बदलावं लागेल, माणसं लागतील, लगेच जमणार नाही. कधी जमेल, असं चार जणांनी एकदम विचारलं. वाद संध्याकाळपर्यंत चालला. थंडघरांचा ठराव मागे ठेवला गेला, फेटाळला नाही. पाच वॉर्डांत या मेपासून सकाळी नऊच्या आत पाणी सोडून बघायचं ठरलं. सरनाईकांनी सही करताना उत्पलाकडे पाहिलं नाही. पण जाताना त्यांनी तक्त्याचा एक फोटो काढला, आणि तो टॅबवर उघडून बराच वेळ बघत राहिले. फोटोत टिंबं जिथल्या तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी झुबेरने भिंतीवरचा ताव उतरवून गुंडाळला. “गेल्या वर्षीचं काय करायचं?”

“आता लावता येईल. वेगळा तक्ता. तेच रकाने, त्याच ओळी, वय तेच.”

“मी करतो. तू राहू दे. माझ्या पोरींतली आरती नाहीतर दुसरं कोणी टिंबं लावेल.”

“नको. वाच तू.”

नवा ताव, नव्या रेघा. खाली ‘हा तक्ता शंका आल्यानंतरचा आहे’ अशी टीप तिने आधी लिहिली. झुबेरने यादी घेतली, खुर्ची थोडी तिरकी केली, म्हणजे तिचा चेहरा त्याला दिसू नये.

“वॉर्ड दोन. पुरुष. एकसष्ट. तिसरा दिवस.”

“वॉर्ड चार. स्त्री. सत्तर. नळाचा दिवस.”

ती लावत गेली. खोलीतला पंखा गरम हवा ढवळत होता. आज हात ओले नव्हते. टिंबं बोटांवरून सहज सुटत होती. मध्ये एकदा झुबेर थांबला. पान उलटल्याचा आवाज झाला नाही, खोकल्याचाही नाही. नुसताच थांबला.

“झुबेर.”

“वॉर्ड सात,” तो म्हणाला. “स्त्री. एकाहत्तर. नळाचा दिवस.”

उत्पलाने टिंबांच्या कागदावरून एक टिंब सोडवलं. बाकीच्यांच्याच मापाचं. स्त्रियांच्या ओळीत, पहिल्या घरात, आधीच्या टिंबाला लागून जिथे जागा होती तिथे तिने ते ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं. कडा नीट चिकटल्या का ते पाहिलं.

“पुढचं,” ती म्हणाली.